एक शिम उरली

परवा दादाचा अकोल्याहून फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला मामेभाऊ. बेकरीचा माल पोचवण्याचा धंदा. पाव, टोस्ट, खारी, दिवाळीत फरसाण. मागे पत्र्याची बंद बॉडी असलेली तीनचाकी डिझेल व्हॅन आहे त्याची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. तर फोनवर हॅलो वगैरे काही नाही, थेट मुद्दा.

"थे गोल पत्र्याची रिंग होती न आपल्याजवळ, कुकरची म्हनून वहिनीनं ठेवली होती, थे कुकरची नाही म्हनते. इंजिनची आहे म्हनते."

मी गप्प. कारण ती इंजिनची आहे हे मला पाच महिन्यांपासून ठाऊक होतं. निदान शंका तरी होती.

ही रिंग म्हणजे शिम. गेल्या दिवाळीआधी दादाच्या व्हॅनचं इंजिन उघडून नवा ब्लॉक-पिस्टन टाकला, तेव्हा जुन्या सामानाच्या कॅरीबॅगमध्ये जुने रिंग, जुनं पॅकिंग यांच्यासोबत ही घरी आली. म्हणजे इंजिन बांधून झाल्यावर एक शिम उरली. आपल्याकडे कुठलंही यंत्र उघडून परत लावलं की दोन स्क्रू उरतातच आणि त्यावर हमखास एक विनोद होतो. तो विनोद आपण सगळ्यांनी केलाय. मीही केला होता. या एका उरलेल्या शिमेनं दादाचा पाच महिन्यांचा धंदा खाल्ला, तेव्हापासून मला तो विनोद सुचेनासा झालाय.

आज जरा तावातावाने लिहिणार आहे. नातेवाइकांनी मनाला लावून घेऊ नये. आणि घेतलं तर थोडं घ्यावंच!

*

आधी ही शिम काय भानगड आहे ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील. (नका गाळू. माहीत आहे असं वाटणाऱ्यांचाच सगळा घोळ आहे.)

आपल्या कारचं इंजिन पाण्याने थंड होतं. त्यात सगळे सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात असतात. एअर कूल्ड इंजिनाचं तसं नसतं. त्यात प्रत्येक सिलिंडर हा वेगळा, पंखांचा डबा असतो. तो खाली क्रँककेसच्या तोंडावर बसतो, वर हेड बसतं आणि लांब लांब स्टडनी सगळं एकत्र आवळलं जातं. बारामतीत बनणाऱ्या ॲपे गाड्यांमध्ये कित्येक वर्षं ग्रीव्ह्जचं जे एका सिलिंडरचं ३९५ सीसीचं डिझेल इंजिन यायचं, ते याच जातीचं. मूळ आराखडा इटलीतल्या लोम्बार्डिनी कंपनीचा. या जातीची इंजिनं आपल्या वऱ्हाडात भाजीपासून सरकीच्या ढेपेपर्यंत काय काय ओढत आली आहेत ते बाजार समितीच्या गेटवर पहाटे उभं राहिलं की कळतं.

आता गंमत अशी की क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, सिलिंडर हे चार वेगळे भाग. प्रत्येकाच्या मापात केसाएवढा फरक असणारच. हे चार फरक एकमेकांवर चढले की पिस्टन अगदी वर आल्यावर त्याचा माथा आणि हेड यांच्यामध्ये किती जागा उरेल ते आधी सांगता येत नाही. ही जागा मिलिमीटरपेक्षाही कमी असते. आपले मिस्त्री तिला बंपिंग म्हणतात. बंपिंग क्लिअरन्स. ती बरोबर यावी म्हणून सिलिंडरच्या तळाशी पातळ पत्र्याची गोल चकती घालतात. एक घाला, दोन घाला, जाड घाला, पातळ घाला. ती ही शिम. म्हणजे बाकीचे सगळे भाग कारखान्यात मोजलेले असतात, पण शेवटचं माप मात्र बांधणाऱ्याने स्वतः, त्या इंजिनावर, त्या दिवशी घ्यायचं असतं. शिम हा पार्ट नाहीच मुळी. शिम म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न न विचारता उत्तर लिहिलं की काय होतं ते पुढे येतंच आहे.

जागा कमी पडली तर? थंड इंजिनाला काही कळत नाही. मस्त चालू होतं, मस्त पळतं. पण गरम झालं, लोड आला, की ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगतो, रॉड लांबतो, बेअरिंगमधली ढील वरच्या टोकाला निघते, आणि पिस्टन हेडला टेकायला लागतो. टक. टक. टक. मिनिटाला दोन-तीन हजार वेळा.

आणि जागा जास्त झाली तर? तेव्हा आवाज येत नाही, म्हणून ती चूक जास्त लबाड. जरा हिशोब करू. सिलिंडरचा बोअर ८६ मिलिमीटर, स्ट्रोक ६८ मिलिमीटर, म्हणजे ३९५ सीसी. दाबाचं प्रमाण १८ ला १ धरलं तर पिस्टन वर असताना हवेला उरलेली एकूण जागा होते सुमारे २३ सीसी. आता सिलिंडर फक्त ०.३ मिलिमीटरने उचला. ०.३ म्हणजे दाढीच्या तीन पात्या एकावर एक ठेवल्या एवढंच. पण ८६ मिलिमीटर व्यासावर तेवढ्याने पावणेदोन सीसी जागा वाढते आणि १८ चं प्रमाण १६.८ वर येतं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून जी गरम होते त्या उष्णतेवरच ते पेटतं. दाब कमी, तर उष्णता कमी. मग पौषातल्या पहाटे गाडी चालू होत नाही, पांढरा धूर ओकते, आणि अर्धवट जळलेलं डिझेल पैशासकट आकाशात जातं.

तीन पात्या, मंडळी!

*

दादाच्या गाडीने या दोन्ही अवस्था भोगल्या. एकामागून एक.

दिवाळीआधी इंजिन अमरावतीत, बडनेरा रोडकडच्या एका गॅरेजात बांधलं. (गॅरेजचं नाव देणार नाही. का, ते शेवटी कळेल.) नवीन ब्लॉक, नवीन पिस्टन, जुन्या दोन शिमांपैकी एक आत, एक कॅरीबॅगेत. दिवाळीचा माल उरकला. दादा खूश. दहाएक दिवसांनी आवाज सुरू झाला. सकाळी नाही, दुपारी. रिकामी असताना नाही, भरलेली असताना.

मग आपल्याकडे जे होतं ते झालं. जो भेटला त्याने रोग सांगितला. एक म्हणाला टॅपेट. टॅपेट ॲडजस्ट झाले. दुसरा म्हणाला पंपाचं टायमिंग. टायमिंग फिरवून झालं. तिसरा म्हणाला, "डिझेलचा आवाज आहे भाऊ, नवा माल हाय, बसून जाईन. काही होत नाही." यातल्या एकानेही हेड खोललं नाही. मोजायचं तर सोडाच.

बसून गेलं ते खरं, पण आवाज नव्हे, गाडीच. काटेपूर्णेच्या पुलाच्या अलीकडे, भर दुपारी, मुर्तिजापूरचा माल भरलेला असताना. मागे पावाचे क्रेट, शेजारून सुसाट जाणारे ट्रेलर आणि रस्त्याच्या कडेला दादा. जवळच्या एका मिस्त्रीने ओढून नेऊन हेड काढलं. पिस्टनच्या काळ्या माथ्यावर चकचकीत डाग पडलेला. टेकून टेकून घासला गेलेला. एक व्हॉल्व्ह वाकलेला, रॉडचं बेअरिंग खाल्लेलं.

या मिस्त्रीला रोग बरोबर कळला. त्याला शंभर मार्क. पण उपाय? "आता दोन शिमा टाकून देतो, झंझटच नको!" का दोन? कारण एकीने टेकत होता. म्हणजे कालची चूक उलटी केली की आजचं बरोबर होतं, असा हिशोब. त्या दोन शिमा जुन्या मापाच्या होत्या का, तर तेही नाही. दुकानात होत्या त्या होत्या.

टकटक थांबली. आणि थंडी सुरू झाली. पहाटे पाचला दादाच्या गल्लीत रोज तेच चित्र. दादा स्टिअरिंगवर, मागून वहिनी आणि शेजारचे दोघं ढकलताहेत, पांढऱ्या धुराचा लोट. शेजाऱ्यांनी आधी मदत केली, मग टोमणे मारले, मग खिडक्या लावून घेतल्या. बेकरीचा माल पहाटेच जावा लागतो. दहाला पोचलेला पाव कोण घेतो? दोन दुकानदारांनी दुसऱ्याचा माल लावला. डिझेल वाढलं ते वेगळंच.

मार्चमध्ये कुणीतरी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या एका काकांचा पत्ता दिला. घराच्या पडवीतच काम करतात. एका वेळी एकच इंजिन. मी मुद्दाम रजा टाकून अकोल्याला गेलो होतो. अपराधी वाटत होतं म्हणून. त्याचं कारणही शेवटी.

काकांनी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण यात गुपित काही नाही.

त्यांनी आधी क्रँककेसचं तोंड घासून साफ केलं. नखाने चाचपलं. म्हणाले, इथे कार्बनचा एक खडा राहिला तर सिलिंडर तिरका बसतो, मग कितीही शिमा घाला. शिमा काचेवर ठेवून पाहिल्या, वाकलेली एक बाजूला काढली. प्रत्येकीची जाडी मायक्रोमीटरने मोजून चक्क पाटीवर लिहिली. मग सिलिंडर बसवला. आणि खिशातून काढली सोल्डरची तार. रेडिओवाले वापरतात ती, मऊ, दीडेक मिलिमीटर जाडीची. तिचे दोन तुकडे पिस्टनच्या माथ्यावर सपाट कडेला ग्रीस लावून चिकटवले. एक इकडे, एक समोर. पिस्टनच्या पिनेच्या रेषेत, कारण त्या रेषेत पिस्टन डुलत नाही. व्हॉल्व्हच्या खाली येणार नाहीत असे. वर हेड ठेवून टॉर्क पान्याने समोरासमोरचे नट आलटून पालटून, टप्प्याटप्प्याने आवळले. मग क्रँक हाताने हळूच एक फेरा फिरवला. हेड परत काढलं. तारा चपट्या झालेल्या. त्या मायक्रोमीटरमध्ये धरल्या.

दोन्ही तुकडे सारखे भरले, म्हणजे सिलिंडर सरळ. पण जागा पुस्तकातल्या हद्दीपेक्षा तीन-साडेतीन पात्यांनी जास्त. काकांनी पाटीवर वजाबाकी केली. तिसरीतल्या पोराला येईल अशी वजाबाकी. एक शिम काढली, दुसरी बदलली, आणि पुन्हा तार ठेवून पुन्हा मोजलं.

मी म्हटलं, "काका, वजाबाकी केलीच होती की. परत कशाला?"

ते म्हणाले, "तुमी इंजिनिअर न जी? मंग तुमीच सांगा, वजाबाकी इंजिनले दाखवली, पन इंजिननं मान हलवली का थे पाहाले नको?"

एकूण वेळ? पाऊण तास. जास्तीचे पैसे? तीनशे रुपये. गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली. वहिनी ढकलायला बाहेर येऊन उभी होती, तशीच आत गेली.

*

आता मूळ भांडण.

आमच्या वऱ्हाडात एक मंत्र आहे. "काही होत नाही." त्याची जुळी बहीण म्हणजे "चालते न!" हे दोन मंत्र जपत आपण घरं बांधतो, वायरिंग करतो, लग्नाच्या वरातीत जीपच्या टपावर माणसं बसवतो. एरवी या मंत्रात मौजही आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला तरी आपण "काही होत नाही" म्हणत चहा पितो, आणि खरंच काही होत नाही. पण इंजिन हे अमरावतीचं नागरिक नाही. त्याला मंत्र कळत नाही. त्याला फक्त माप कळतं.

एअर कूल्ड इंजिनाला तर फारच. पाण्याच्या इंजिनाला थोडी चूक पचते, कारण पाणी उष्णता वाहून नेतं. इथे वाहून नेणारी हवाच ४५ अंशांची. त्यात कापसाचा हंगाम. जिनिंगच्या भागात फिरणाऱ्या गाड्यांच्या पंखांमध्ये रुई आणि धूळ अशी घट्ट बसते की सिलिंडरने गोधडी पांघरलीय असं वाटतं. आणि ज्या पत्र्याच्या आवरणामुळे पंख्याची हवा सिलिंडरभोवती फिरते, ते आवरण "खोलायला त्रास होतो" म्हणून कितीतरी गाड्यांवरून गायब. म्हणजे मोजलं नाही, साफ केलं नाही, असलेलं काढून टाकलं, आणि वर म्हणायचं, "एअर कूल्डमध्ये दम नाही." दम इंजिनात होता हो. धीर आपल्यात नव्हता.

यावर तीन उत्तरं मला नेहमी ऐकवली जातात.

पहिलं : "उस्तादाच्या हाताला कळतं." मी हाताचा फार आदर करतो. नट किती आवळला, रिंग कुठे अडली, हे हाताला कळतं. पण तीन पात्यांची जागा, तीही बंद हेडच्या आत, जिथे हात जातच नाही, ती कुठल्या हाताला कळणार? अनुभवी माणूस मोजत नाही हा आपला गैरसमज आहे. तिघांत सगळ्यात अनुभवी माणूस काका होते, आणि मोजलं फक्त त्यांनीच. अनुभव माणसाला मोजण्यातून सुटका देत नाही. कुठे मोजायलाच हवं, ते शिकवतो.

दुसरं : "आपला देश जुगाडावर चालतो." हे हल्ली फार कौतुकाने म्हणतात. २०१२ साली तर 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तकच निघालं. मला जुगाडाचा राग नाही. १९७४ साली आलेल्या रॉबर्ट पर्सिगच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'मध्ये शिमेचाच एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल ढिलं झालेलं असतं. निवेदक म्हणतो, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून घालू, फिट बसेल. मित्राला ते अपमानास्पद वाटतं. आता सांगा, बरोबर कोण? निवेदकच! कारण त्याला ठाऊक होतं की पत्रा किती पातळ, किती मऊ, आणि त्या जागेला नेमकं तेच हवंय. दिसायला जुगाड, पण आत विचार पूर्ण. तोच पत्रा सिलिंडरच्या तळाशी घातला तर मूर्खपणा, कारण तिथला ताण वेगळा, उष्णता वेगळी. काकांची सोल्डरची तार हाही जुगाडच की. पण तो मोजण्यासाठी केलेला जुगाड आहे. आपण ज्याला जुगाड म्हणून मिरवतो तो बहुतेक वेळा न मोजण्यासाठी केलेला असतो. या दोघांना एकच नाव देणं बंद करा, एवढंच माझं म्हणणं.

तिसरं : "या गाड्या जुन्याच झाल्या, आता सीएनजी आणि बॅटरीचा जमाना." कबूल. नव्या गाड्या वेगळ्या आहेत. पण रस्त्यावर जुन्या अजून धावताहेत आणि त्यांच्यावर घरं चालताहेत. शिवाय जिथे शौकापोटी जुनी गाडी ठेवतात, तिथे काय करतात पाहा. फोक्सवागनच्या जुन्या एअर कूल्ड व्हॅन १९५० पासूनच्या. ब्राझीलमध्ये तर २००५ पर्यंत एअर कूल्ड इंजिनाच्याच बनत होत्या. त्या इंजिनात चार वेगळे सिलिंडर, दोन-दोन एका हेडखाली. हौशी लोक घरच्या गॅरेजात ते बांधताना चारही सिलिंडरची जागा वेगवेगळी मोजतात, आणि एका हेडखालच्या दोघांना सारखी शिम घालतात, नाहीतर हेड तिरकं बसेल. रविवारी फिरायला जायच्या गाडीसाठी हे एवढं! आणि आमच्याकडे जिच्यावर पोराची फी अवलंबून आहे त्या गाडीला "अंदाजाने टाकून द्या."

आता कुणी म्हणेल, आम्हाला वेळ कुठे आहे? ज्या अमरावती-अकोला हायवेवर दादाची गाडी बंद पडली, त्याच हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत झाला. गिनीज बुकात नोंद झाली. आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पाठवले. मीही पाठवले. पण तो विक्रमसुद्धा मोजला म्हणूनच विक्रम ठरला ना? तिथे तेहतीस मिनिटांचाही हिशोब ठेवला. त्या रस्त्यावरून धावणाऱ्या इंजिनासाठी पाऊण तास जड होतो.

*

आता कबुली. इतका वेळ टाळत होतो.

बडनेरा रोडचं ते गॅरेज मी शोधलं होतं. अकोल्याचा दादाचा नेहमीचा मिस्त्री चार दिवस मागत होता आणि पैसेही जास्त. मी फुशारकी मारली, "अमरावतीला आण, माझ्या ओळखीचं आहे, दीड दिवसात करून देतो." संध्याकाळी मी आणि दादा गॅरेजात उभे. दिवाळीचा माल बेकरीत येऊन पडलेला. तो पोरगा, असेल पंचविशीचा, हातात शिमा घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला,

"भाऊ, नवा ब्लॉक हाय. बंपिंग मोजा लागते. मायक्रोमीटर उस्तादजवळ हाय, थे उद्या येईन. उद्या दुपारपर्यंत थांबता का?"

आणि मी, सरकारी कॉलेजातून मेकॅनिकलची पदवी घेतलेला मी, ज्याने पहिल्या वर्षी मायक्रोमीटरचा प्रयोग जर्नलमध्ये साहित्य-कृती-निरीक्षण असा सुवाच्य अक्षरात लिहून सही घेतली होती तो मी, घड्याळाकडे बघत म्हणालो,

"अरे उद्या नाही, आजच पाहिजे. अंदाजाने टाकून दे न. काही होत नाही."

तो पोरगा क्षणभर थांबला होता. ते मला दिसलं होतं. मग त्याने एक शिम घातली आणि एक पिशवीत टाकली.

म्हणून गॅरेजचं नाव नाही. नाव द्यायचंच असेल तर माझं द्यावं लागेल. मोजायला हवं हे त्याला माहीत होतं, त्याने विचारलंही होतं. मोजण्यावर काट मारली ती गिऱ्हाइकाने. आणि आम्ही गिऱ्हाइकं रोज हेच करतो. बिलात ब्लॉकचे पैसे देतो, पिस्टनचे देतो, लेथवाल्याचे देतो, फिटिंगचे घासाघीस करून देतो. मोजण्याचे पैसे कुठल्या बिलात पाहिलेत? ज्या कामाला दाम नाही आणि वेळ नाही, ते काम कोण कशाला करेल? मग गाडी बंद पडली की "आजकालच्या पोरांना काही येत नाही" हे म्हणायला आपण मोकळे. पोरांना येतं हो. आपण करू देत नाही.

आमच्या खानदानात सात इंजिनिअर आहेत. सातही जणांना मी दिवाळीत विचारलं की हा आवाज कशाचा असेल. सातही जणांनी उत्तर दिलं. एकानेही "मोजून बघू" असं म्हटलं नाही. (होय, सातवा मीच.)

पूर्वी सगळे मोजायचे आणि आता कुणी मोजत नाही, असलं रडगाणं मला गायचं नाही. पूर्वीही पिस्टन टेकायचेच. माझं मागणं अगदी बारकं आहे. पुढच्या वेळी इंजिन बांधायला टाकाल तेव्हा मिस्त्रीला तीन वाक्यं म्हणा. "बंपिंग मोजा. मोजलेलं कागदावर लिहून द्या. त्याचे वेगळे पैसे घ्या." आणि तो म्हणाला की उद्या लागेल, तर उद्या या. बस.

दादाला फोनवर हे सगळं सांगितलं. त्या संध्याकाळची आठवणही करून दिली, कारण तोही शेजारीच उभा होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं आता शिव्या पडणार. मग म्हणाला,

"मले माहीत हाय बे. मीबी तं होतो तिथं. मीबी काही बोललो नाही न."

मग जरा थांबून, "थे रिंग काय करू आता? फेकू का?"

म्हटलं, फेकू नकोस. डॅशबोर्डवर गणपतीशेजारी ठेव. काकांनी पाटीवर लिहिलेला आकडा तिच्यावर मार्करने लिही.

ठेवलीय म्हणे. वहिनीने वरून हळदीकुंकूही वाहिलंय. असो. निदान कुकरला तरी लावली नाही.